परिचारिका वॉर्डात घडते



पाचोड परिसराला आरोग्यशिक्षण नवे नाही. डॉ. अशोक दयालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आशिष ग्रामरचना ट्रस्टने येथे अनेक वर्षे हे कार्य केले आहे. आपल्या वॉर्डातील परिचर्येच्या विद्यार्थिनी नेमके काय शिकतात, याविषयी आज निवेदन करीत आहोत.

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असल्यास तो धोक्याचा इशारा, हे वाक्य एका दिवसात पाठ होते. परंतु तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही; मध्येच थबकतो, मध्येच वेग घेतो. म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे चालत नाही. बाळ शांत असताना, दुपटे बाजूला सारून, पूर्ण मिनिट मोजावे लागते. आकडा ६० वा त्याहून अधिक आल्यास पुन्हा मोजावे लागते. शेजारी उभी असलेली सिस्टर स्वतःही मोजते व दोघींचे आकडे ताडून पाहते. विद्यार्थिनी खरी शिकते ती या वेळी.

आम्ही हिशेबाची माणसे. ताळेबंदात इमारत, यंत्रे, औषधे यांना रकाने आहेत. सिस्टरच्या या मिनिटांना नाही. वॉर्ड भरलेला असला आणि सिस्टर एकटी असली, की विद्यार्थिनी चादरी बदलण्यात व निरोप पोचविण्यात अडकते. कामाला हात मिळतात, शिक्षण मात्र मागे पडते. म्हणून देणगीदारांना विनंती, की यंत्राइतकाच अनुभवी सिस्टरच्या वेतनाचाही विचार व्हावा.

रुग्णांच्या आप्तजनांनाही एक सांगणे आहे. एकदा पाहिलेली नाडी विद्यार्थिनी पुन्हा पाहू लागली, की मन कुरकुरते, हे स्वाभाविक आहे. तिने परवानगी घ्यावी, सोबत जबाबदार सिस्टर असावी, हा आपला हक्क आहे; नकार दिल्याने उपचारात उणे पडता कामा नये. मात्र आपण होकार देता, तेव्हा आपणही तिचे शिक्षक होता.

उद्या हीच मुलगी एखाद्या उपकेंद्रात असेल. रात्रीची वेळ, जवळ डॉक्टर नाहीत, आईच्या मांडीवर धापा टाकणारे बाळ. तिने बिनचूक मोजलेला तो एक मिनिट बाळाला वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोचवील. आपल्या दानाचे व विश्वासाचे मोल आम्ही त्या मिनिटात पाहतो.