पांढरी कावीळ आणि मधली पिढी



परिषद शिनोलीत भरली आहे, म्हणून विषयही आंबेगाव-जुन्नरच्या घराघरांत ठाऊक असलेलाच घेतो. डोळे पिवळे दिसले की आपल्याकडे आधी माळ घातली जाते. काड्या वाळत जातात, दोरा सैल पडतो, माळ लांबून खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरली असे लोक म्हणतात. दूषित पाण्यातून-अन्नातून होणारा हिपॅटायटिस ए बहुतेकांत आपोआप बरा होतो, त्यामुळे श्रेय माळेला मिळते. हिपॅटायटिस बीला मात्र लोक ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, आणि हे नाव मला फार नेमके वाटते. डोळे पांढरेच राहतात, माणूस शेतात राबत असतो, आणि विषाणू यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम करून असतो. पुढे काहींचे यकृत कठीण होते, काहींना कर्करोग होतो. माळेने उतरवावे असे इथे काही दिसतच नाही. म्हणून माझे म्हणणे असे की मोठ्या माणसांच्या लसीकरणाचा विचार करताना या दोन काविळी एका पारड्यात टाकू नयेत. बीची लस मोठ्यांना आपण होऊन, शोधून द्यावी. एची लस निवडून द्यावी.

बीसाठी शोधायचे कोणाला? सरकारी कार्यक्रमात ही लस 2002 च्या सुमारास निवडक ठिकाणी आली, 2007-08 मध्ये दहा राज्यांत आणि 2011 मध्ये देशभर पोहोचली. म्हणजे आज विशी ओलांडलेल्या बहुतेकांना बालपणी ती मिळालेलीच नाही. नातवंडाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत डोस मिळतो, आणि त्याच वॉर्डात बाळंतपणाचे रक्ताने माखलेले कपडे उचलणारी मावशी असुरक्षित असते. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस तग धरू शकतो. लस न घेतलेल्याला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या प्रमाणानुसार संसर्गाचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीच्या बाबतीत हाच धोका सुमारे 0.3 टक्के आहे. आपण घाबरतो एचआयव्हीला, आणि सुईला टोपण परत बसवताना बीचा विचारही मनात येत नाही. सुई वापरणारे हात केवळ दवाखान्यातच असतात असेही नाही. जत्रेत एकाच सुईने पन्नास हात गोंदले जातात. आणि दवाखान्यातली सुईही निर्धोक असतेच असे नाही: गुजरातेत मोडासा परिसरात 2009 मध्ये इंजेक्शनची साधने पुन्हा वापरल्याने बीची जीवघेणी साथ पसरली होती.

यावर आक्षेप येतो की प्रौढपणी संसर्ग झाला तर शंभरात पाचांपेक्षाही कमी लोकांत तो कायमचा राहतो. कायमचा राहण्याचा धोका नवजात बाळाला, सुमारे नव्वद टक्के. मग मोठ्यांवर खर्च कशाला? आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच बाळाचा पहिला डोस कधीही चुकता कामा नये. पण त्या बाळाला विषाणू देते ती बहुधा बाधित आई, म्हणजे प्रौढ व्यक्तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2.98 कोटी लोकांना बीचा दीर्घकालीन संसर्ग होता. लसीआधी रक्त तपासले की यांतले काही जण सापडतात, आणि 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांची तपासणी-उपचार मोफत आहेत. मात्र तपासणी ही लसीच्या वाटेतली धोंड होऊ नये. रक्त घ्यावे आणि त्याच भेटीत पहिला डोस द्यावा. बाधिताला तो उपयोगी पडत नाही, पण अपायही करत नाही. महागाईची सबबही आता जुनी झाली. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस बाजारात आणली आणि परदेशी लसीचा चढा भाव कोसळला.

एची गोष्ट वेगळी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासांत दिसले की 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकाला हा संसर्ग लहानपणीच होऊन जात असे. 1998 पर्यंत सुस्थित घरांतील मुलांत ते प्रमाण बरेच घसरले होते. लहान मुलात हा आजार बहुधा कळतही नाही, मोठ्या माणसाला मात्र अंथरुणाला खिळवतो. म्हणजे पाणी सुधारते तसे आजाराचे वय वाढते. डिंभ्यापलीकडच्या पाड्यांतील साठीच्या आजोबांना ही लस देणे बहुधा वाया जाईल. पुण्यात नळाच्या पाण्यावर वाढलेल्या त्यांच्या नातवाला ती लागेल, आणि बीचा रुग्ण किंवा यकृताचा कोणताही जुना आजार असलेल्याला तर नक्कीच. ‘आधी पाणी शुद्ध करा’ हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, कारण 2012 मध्ये इचलकरंजीत पाण्यातून पसरलेली साथ हिपॅटायटिस ईची होती आणि ए-बीच्या लसी तिच्यापुढे निरुपयोगी आहेत. पण शुद्ध पाण्याने बी थांबत नाही, एवढे लक्षात असू द्या.

आता कामाचे बोलू. इंजेक्शन म्हणजे कंबर, ही आपल्या रुग्णांची सवय इथे मोडावी लागेल. बीची लस दंडातच द्यायची, कमरेत ती कमी प्रभावी ठरते. ती गोठली की निकामी होते, म्हणून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्याला ती टेकता कामा नये. डोस तीन: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. अडचण तिसऱ्याची आहे. जूनमध्ये लावणीला गावी असलेला माणूस डिसेंबरात नारायणगावच्या बागायती पट्ट्यात मजुरीला असतो. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला डोस तेवढा द्यायचा. म्हणून आशाताईंच्या वहीत नावापुढे तिसऱ्या डोसची तारीख आणि त्या महिन्यातला मुक्काम, दोन्ही लिहावे, आणि तिकडच्या आरोग्य केंद्राने त्या नोंदीवरून डोस द्यावा, असा ठराव या परिषदेने आजच करावा अशी माझी विनंती आहे.