बोली लावण्याआधी दोरी लावा

आज आपण लाकडाविषयी बोलणार आहोत. चुलीतल्या नाही, पाट-चौरंगाच्या लाकडाविषयी. आणि ते लिलावात घेताना आम्ही काय चुकलो, याविषयी.

आमच्या गटात आम्ही अकरा जणी. बचत, कर्ज, हप्ते हे तुमच्यासारखेच. पण दर बुधवारी दुपारी आम्ही करवत आणि रंधा घेऊन बसतो. आमच्यातल्या एका काकूंचे सासर सुताराचे. हत्यारे घरात पडून होती, काकूंनीच आम्हाला हात चालवायला शिकवले. आधी पाट केले, मग पोळपाट, आता छोटे देव्हारेही जमतात. हा धंदा नाही, हौस आहे. पण हौसेलाही लाकूड लागते आणि लाकडाला पैसा लागतो.

आमचा चंद्रपूरकडचा भाग सागाचा. बल्लारशा, आलापल्लीचे सागवान नावाजलेले. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथूनच सागवान गेले. पण साग आपल्या जंगलात आहे म्हणून तो आपल्याला स्वस्त मिळतो असे नाही. दुकानात चिरलेल्या सागवानाचा भाव ऐकून आम्ही कितीदा तरी रिकाम्या हाती परतलो. रात्री कोणी दारात स्वस्त लाकूड आणून देतो म्हणाले, तर काकू सरळ नाही म्हणायच्या. विनाकागदाचे लाकूड म्हणजे घरात आणलेली पोलीस-कचेरी. मग कळले की डेपोत, म्हणजे सरकारी विक्री आगारात, लिलावाने लाकूड मिळते आणि कागदही मिळतात.

आम्ही महिन्याला प्रत्येकी दोनशे रुपये वेगळे काढले. अकरा महिन्यांत 24,200 रुपये जमले. ते घेऊन चौघी जणी लिलावाला गेलो.

लॉट आधी जाऊन बघता येतात, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्या आठवड्यात धानाची कामे होती, आदल्या दिवशी जाणे जमले नाही. लिलावाच्या सकाळी घाईघाईत एक फेरी मारली. तीन ओंडक्यांचा एक लॉट आवडला. ओंडके सरळ होते, सालही चांगली होती. बोली 14,000 पासून सुरू झाली. एक व्यापारी आमच्यासमोर बोलत होता. बायका बोली लावतात म्हणून मागे कोणीतरी हसले. ते हसणे आम्हाला लागले, मैत्रिणींनो. व्यापारी 18,000 ला थांबेल वाटले, तो थांबला नाही. आम्हीही थांबलो नाही. 21,500 ला लॉट आमच्या नावावर पडला आणि आम्ही अगदी लग्न जिंकल्यासारख्या हसलो.

मग हिशेब समोर आला. बोलीवर कर वेगळा, गाडीभाडे वेगळे, आरा मशीनवरची चिराई वेगळी. हे सगळे आठ हजारांच्या घरात गेले. एकूण 29,500. आमच्याकडे 5,300 कमी पडत होते. मुदतीत पैसे भरले नाहीत तर अनामत बुडणार होती. आमच्यातल्या एका सूनबाईने घरातले बियाण्याचे पैसे आणून दिले. नवऱ्याला सांगितले नव्हते.

आरा मशीनवर दुसरा ओंडका चिरला, तर आत पोकळ. बारीक टोकाला भोक होते, ते थप्पीच्या आतल्या बाजूला होते. आम्ही ते टोक पाहिलेच नव्हते. तक्रार कुणाकडे करणार? लिलावाच्या अटीतच लिहिले होते, माल जसा आहे, जिथे आहे तसा. सही आमचीच होती.

त्या रात्री सूनबाईच्या घरी भांडण झाले. पुढचे तीन बुधवार ती आलीच नाही. आम्हाला लाकडाचे जितके वाईट वाटले नाही, तितके त्या तीन बुधवारांचे वाटले. आम्ही सगळ्यांनी पुढच्या काही महिन्यांची वर्गणी एकदम भरली, तिचे पैसे आधी परत केले, पेरणीच्या आत. काकू स्वतः तिच्या घरी गेल्या. चौथ्या बुधवारी ती आली, कोपऱ्यात बसली आणि पोळपाट घासू लागली.

त्यानंतर गटाने पाच गोष्टी ठरवल्या. तुम्हीही लिहून घ्या.

पहिली, लाकूड आधी बघायचे. आगार अधिकाऱ्यांना विचारून आदल्या दिवशी जायचे. ओंडक्याची दोन्ही टोके बघायची. एक टोक दिसत नसेल तर तो लॉट सोडायचा. चिरा मधल्या गाभ्यातून कडेला किती लांब गेल्या आहेत, साल पिळलेली आहे का, गाठी किती, किडीची भोके आहेत का, हे पाहायचे. सालीचा पीळ दिसला तर फळी वाकण्याची भीती असते. दगडाने ठोकून ऐकायचे. भरीव लाकूड टणक वाजते, पोकळ लाकूड मडक्यासारखे. सागाच्या टोकावर कडेचा पांढरट भाग दिसतो. तो लवकर किडतो, टिकतो तो मधला तपकिरी गाभा. पांढरा भाग जाड असेल तर तेवढे लाकूड वजा धरायचे.

दुसरी, मोजायचे. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळा. समजा गोलाई 120 सेंटिमीटर आली. तिचा चौथा भाग 30. तीस गुणिले तीस, आणि लांबी 3 मीटर म्हणजे 300. उत्तर 2,70,000 घन सेंटिमीटर, म्हणजे 0.27 घनमीटर, म्हणजे साधारण साडेनऊ घनफूट. ओंडके मोजायची ही जुनी रीत आहे. खऱ्या लाकडापेक्षा ती थोडे कमीच धरते. पण साल, पांढरा भाग, भुसा आणि वाकडे तुकडे जाऊन आमच्या हाती फळ्या येतात त्या साधारण निम्म्या. म्हणजे साडेनऊ घनफुटांचे पावणेपाच धरा.

तिसरी, बोलीची हद्द घरीच ठरवायची. समजा त्या ओंडक्यावर 9,000 ची बोली आणि वर 3,000 कर-भाडे-चिराई. झाले 12,000. त्याला पावणेपाचने भागा. घनफुटाला अडीच हजार पडले. दुकानात चिरलेले त्याहून स्वस्त मिळत असेल, तर लिलावाला जायचे कशाला? आम्ही आता हद्द कागदावर लिहितो आणि तो कागद बोली न लावणाऱ्या बाईच्या हातात देतो. हद्द आली की ती पदर ओढते. लिलाव ऑनलाइन असला तरी हाच नियम. पडद्यावर आकडा वाढवायला फक्त बोट लागते, म्हणून जास्तच जपायचे.

चौथी, कागद. पैसे भरल्याची पावती आणि वाहतूक परवाना हातात आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. भारतीय वन अधिनियम 1927 चा आहे, त्याखाली लाकडाच्या वाहतुकीचे नियम आहेत. ओंडक्यावरचा हातोड्याचा शिक्का आणि परवान्यावरचे वर्णन जुळते का, ते बघा. आरा मशीनवरही कागद दाखवा आणि मूळ प्रत गटाच्या फाईलला लावा.

पाचवी, वाळवायला धीर धरायचा. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत साधारण वर्ष, असे सुतार सांगतात. जमिनीपासून वर, दोन फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घालून थप्पी लावा. टोकांना मेण किंवा जुना रंग फासा, म्हणजे टोके फाटत नाहीत. ओल्या लाकडाचा चौरंग उन्हाळ्यात पाय वाकडे करतो, हे आम्ही करून पाहिले आहे.

आणि या पाचांच्या वर एक नियम. हौसेच्या लाकडाला घरातले बियाण्याचे, औषधाचे, फीचे पैसे लागता कामा नयेत. जेवढे जमले तेवढ्याचेच घ्यायचे.

दुसऱ्या लिलावाला गेलो तेव्हा हद्द ओलांडली गेली, काकूंनी पदर ओढला, आम्ही रिकाम्या परत आलो. डबा खाल्ला, बसने घरी. त्या दिवशीही मागे कोणीतरी हसले असेल, आम्ही ऐकले नाही. तिसऱ्या वेळी सागाचा नाद सोडून शिवणीचे दोन ओंडके घेतले. शिवण हलकी आणि कापायला मऊ, आमच्यासारख्या शिकणाऱ्या हातांना बरी. बोली हद्दीच्या आत राहिली.

आणि तो पोकळ ओंडका? पोकळीच्या भोवतीचे लाकूड चांगले होते. त्याची सतरा लाटणी झाली. पहिले लाटणे सूनबाईने केले. ते तिच्या घरी आहे, आणि त्यावर रोज पोळ्या होतात.

तुमच्या गटालाही हौस असेल तर जरूर करा. पण डेपोत जाताना पिशवीत दोरी आणि कागद विसरू नका.