मालविकेची खरी ओळख



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. आज मला एका उपेक्षित नाटकाची बाजू मांडायची आहे.

कालिदासाचे ‘शाकुंतल’ आपण डोक्यावर घेतले. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते मराठी रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. ‘मालविकाग्निमित्र’ मात्र अंतःपुरातले हलकेफुलके प्रेमप्रकरण म्हणून मागे पडले. विदिशेचा राजा अग्निमित्र राणीच्या दासीवर भाळतो, विदूषक गौतम डाव रचतो, धाकटी राणी इरावती संतापते आणि शेवटी ती दासी, मालविका, विदर्भाची राजकन्या निघते. गोष्ट एवढीच असती, तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

मला हे नाटक कलेने मिळवलेल्या ओळखीचे वाटते. मालविकेचे कूळ पाचव्या अंकात कळते. तिची योग्यता दुसऱ्याच अंकात सिद्ध झालेली असते.

गणदास आणि हरदत्त या नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पेटतो. निवाडा पंडिता कौशिकीकडे येतो. काहींच्या अंगी कला असते, काहींना ती शिकवण्याची हातोटी असते. दोन्ही ज्याच्यापाशी, तो शिक्षकांत अग्रणी, असे ती सांगते. म्हणून परीक्षा शिष्यांची होते आणि गणदासाची शिष्या मालविका समोर येते.

ती सादर करते ते गीत शर्मिष्ठेचे. खांडेकरांची ‘ययाति’ वाचलेल्यांना शर्मिष्ठा परकी नाही: राजकन्या असून दासी झालेली, राजाच्या प्रेमाला पात्र ठरलेली. मालविकेचे गुपित उघड होण्याच्या कितीतरी आधी कालिदासाने ते असे तिच्याच तोंडून गाववले आहे. नृत्य संपल्यावर गौतम तिला थांबवतो. डावा हात कमरेवर, कंकण मनगटाशी स्थिरावलेले, दुसरा हात सैल सोडलेला, नजर खाली आणि पायाचा अंगठा जमिनीवरच्या फुलाशी चाळा करणारा. राजाला तिचे हे उभे राहणे नृत्याहूनही सुंदर वाटते. अभिनेत्रीची खरी कसोटी या स्तब्धतेत आहे.

दुसरी व्यक्तिरेखा महाराणी धारिणीची. सोनेरी अशोक फुलावा म्हणून त्याला पायाने ताडन करण्याचा मान तिचा. पाय दुखावल्यामुळे ती तो मालविकेला देते आणि पाच रात्रींत झाड फुलले तर तुझी इच्छा पुरवीन, असे वचनही देते. मध्ये ती मालविकेला कोंडते, हेही खरे. पण झाड फुलते, कुळाचा उलगडा होतो आणि ती स्वतः मालविकेचा हात राजाच्या हाती देते. तिचा मत्सर आणि तिचा मोठेपणा, दोन्ही रंगमंचावर दिसले पाहिजेत.

याच नाटकात वरदेच्या, म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या, दोन तीरांवर विदर्भाची वाटणी होते. तेव्हा विदर्भातल्या रंगकर्मींचा या नाटकावर विशेष हक्क आहे आणि जबाबदारीही.

माझी विनंती एवढीच: दुसरा अंक कापू नका. संस्कृतचे विभाग, नृत्याचे गुरू आणि नाट्यसंस्था यांनी एकत्र बसून तो उभा करावा. शिकवणाऱ्याची परीक्षा शिष्याच्या कलेत होते, हे कौशिकीचे सूत्र आपल्यालाही लागू आहे. त्या परीक्षेला आपण आनंदाने बसूया.