लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना

संगणक दुरुस्तीच्या दुकानांत ‘हार्ड डिस्क’ हा शब्द आज दोन वस्तूंसाठी सर्रास वापरला जातो आणि त्या दोहोंत नाव व काम सोडले तर फारसे साम्य उरलेले नाही. पहिली वस्तू म्हणजे खरीखुरी तबकडी : चुंबकीय लेप दिलेली, मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती आणि तिच्या पृष्ठभागापासून जेमतेम काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश, इतक्या अंतरावरून तरंगत माहिती वाचणारे-लिहिणारे शीर्ष. दुसरी वस्तू म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारे वा सरकणारे काहीच नसते आणि माहिती सिलिकॉनच्या चिपांमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते. लॅपटॉपची जुनी डिस्क बदलण्याची वेळ आली की ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती जीबीची घ्यावी’ हा असतो. वस्तुतः हा या निवडीतला सर्वांत सोपा प्रश्न आहे. लॅपटॉप मंद कशामुळे झाला आणि त्याच्या पोटात कोणती वस्तू बसते, हे प्रश्न त्याआधी सोडवावे लागतात, आणि जुनी डिस्क आजारी असेल तर त्याहीआधी तिच्यावरील माहितीचा विचार करावा लागतो.

मंदपणाचे मूळ समजण्यासाठी तबकडीचा इतिहास थोडा पाहावा लागतो. आयबीएम या कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या रॅमॅक संगणकातील साठवण यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. हवे ते अक्षर सापडण्यास सरासरी सहा दशांश सेकंद लागे. आजच्या लॅपटॉपमधील तळहाताएवढ्या तबकडीवर एक टेराबाइट, म्हणजे सुमारे एक लाख कोटी अक्षरे मावतात. साठवण अशा रीतीने दोन लाख पटींनी वाढली. शोधण्याचा वेळ मात्र सहाशे मिलिसेकंदांवरून पंधरा-सतरा मिलिसेकंदांवर, म्हणजे अवघा पस्तीस-चाळीस पटींनी खाली आला. गोदाम अफाट वाढले आणि गोदामातला हमाल एकटाच राहिला, असा हा प्रकार आहे.

हे सतरा मिलिसेकंद कोठे जातात हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. लॅपटॉपची सामान्य तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास तिला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली जागा शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते, आणि त्याआधी शीर्षाला योग्य त्या वर्तुळावर सरकून स्थिर होण्यास आणखी बारा-एक मिलिसेकंद लागतात. एखादा लांबलचक चित्रपट वाचायचा असेल तर ही वाट एकदाच पाहावी लागते आणि मग माहिती सलग मिळत राहते. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान फायली निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात, आणि दहा हजार वेळा सतरा मिलिसेकंद थांबायचे म्हटले की केवळ थांबण्यातच जवळजवळ तीन मिनिटे निघून जातात. एसएसडीला हीच वाट प्रत्येक वेळी मिलिसेकंदाच्या दशांशाच्या आसपास पाहावी लागते, त्यामुळे तोच हिशेब एका सेकंदात आटोपतो. हिशेब ढोबळ आहे. पण ‘लॅपटॉप हँग होतो’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेकदा प्रोसेसर नसून ही वाट पाहणे असते, एवढे त्यावरून स्पष्ट होते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी घेतल्यास अर्ध्या फेऱ्याचे साडेपाच मिलिसेकंद चारावर येतात, शीर्षाचे सरकणे जवळपास तेवढेच राहते, आणि त्या बदल्यात उष्णता व बॅटरीचा खर्च वाढतो. ज्या काळी दुसरा पर्याय नव्हता त्या काळी हा सौदा ठीक होता.

एसएसडीतील चिप ज्या नँड फ्लॅश तंत्रावर चालते ते तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केले. या तंत्रात प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात काही इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि त्या भाराच्या पातळीवरून माहिती ओळखली जाते. कप्प्यात एकच बिट ठेवायचा असेल तर दोन पातळ्या पुरतात, तीन बिट ठेवायचे तर आठ आणि चार बिट ठेवायचे तर सोळा पातळ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखाव्या लागतात. तीन बिटांच्या रचनेस टीएलसी आणि चार बिटांच्या रचनेस क्यूएलसी म्हणतात. एकाच कप्प्यात जितकी दाटी अधिक तितकी चिप स्वस्त पडते, लिहिणे सावकाश होते आणि झीज लवकर होते. झीज या शब्दाने अनेक ग्राहक धास्तावतात, म्हणून तिचेही माप पाहणे इष्ट ठरेल. उत्पादक प्रत्येक एसएसडीसाठी एकूण किती लेखन हमीत धरले आहे हे जाहीर करतात. सॅमसंगच्या ८७० इव्हो मालिकेतील ५०० जीबीच्या एसएसडीसाठी तो आकडा ३०० टेराबाइट आहे. रोज वीस जीबी लिहिले, आणि घरगुती वापरात एवढे लिहिणेही पुष्कळच झाले, तरी ही मर्यादा गाठायला पंधरा हजार दिवस, म्हणजे एकेचाळीस वर्षे लागतील. तोपर्यंत लॅपटॉपच्या बिजागऱ्या शाबूत राहिल्या तरी पुष्कळ झाले.

निवडीचा खरा कस लागतो तो बसण्या-न बसण्याच्या प्रश्नावर. लॅपटॉपच्या पाठीवरील झाकण काढले की पत्र्याच्या चौकटीत चार बारीक स्क्रूंनी आवळलेली डिस्क दिसते. तिला अडीच इंची म्हणतात, तिची रुंदी जवळपास ७० मिलिमीटर आणि लांबी १०० मिलिमीटर असते, आणि ही मापे ठरलेली असल्यामुळे त्यांची चिंता करावी लागत नाही. चिंता असते ती जाडीची. जुन्या लॅपटॉपमध्ये साडेनऊ मिलिमीटर जाडीची डिस्क असे, नंतरच्या सडपातळ लॅपटॉपमध्ये सात मिलिमीटरची जागा ठेवली जाऊ लागली. सातची डिस्क साडेनऊच्या जागेत प्लॅस्टिकची चौकट लावून सहज बसते, उलट मात्र काही केल्या होत नाही. अडीच इंची एसएसडी सामान्यतः सात मिलिमीटरच्याच असतात, ही त्यातल्या त्यात सोय.

जोडणीचा प्रकार त्याहून महत्त्वाचा असतो. डिस्कच्या कडेला एकास एक लागून दोन चपटे खाचदार जोड असतील, एक माहितीचा सात संपर्कांचा आणि दुसरा विजेचा पंधरा संपर्कांचा, तर ती साटा जोडणी होय. त्या जागी बारीक टाचण्यांच्या दोन रांगा दिसल्या तर लॅपटॉप साटाच्याही आधीच्या आयडीई पिढीतला आहे आणि त्यावर खर्च न करणे हेच शहाणपणाचे. साटाची तिसरी पिढी सेकंदाला कमाल ६०० मेगाबाइट वाहते, दुसरी ३००. नवी डिस्क जुन्या पिढीच्या जोडणीवरही चालते, फक्त वेग जोडणीचा मिळतो. तेवढ्यासाठी नाउमेद होण्याचे कारण नाही, कारण एसएसडीचा मुख्य लाभ वाट पाहणे संपण्यात आहे आणि तो दुसऱ्या पिढीच्या साटावरही जवळपास पूर्ण मिळतो.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये चौकट नसते. त्यात च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू पट्टी एका टोकाने खाचेत घातलेली आणि दुसऱ्या टोकाला एकाच स्क्रूने धरलेली असते. तिच्यावर बहुधा २२८० असा आकडा असतो, त्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. येथे एक सापळा आहे. सारख्याच दिसणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक साटाच्या भाषेत बोलते आणि दुसरी एनव्हीएमई या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, खास चिपांसाठी घडवलेल्या पद्धतीने. काही लॅपटॉपची खाच दोन्ही समजते, काहींची एकच, आणि पट्टी खाचेत नीट बसूनही संगणकाला ती दिसत नाही असा अनुभव त्यामुळेच येतो. याचा उलगडा लॅपटॉपच्या नेमक्या मॉडेल क्रमांकाच्या माहितीपत्रकातच होतो, दुकानदाराच्या अंदाजाने होत नाही. शिवाय अनेक पातळ व स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप मुख्य फळीवरच डाख देऊन बसवलेली असते. तेथे बदलीचा प्रश्नच संपतो.

एनव्हीएमई पट्ट्यांच्या खोक्यांवर सेकंदाला साडेतीन हजार किंवा सात हजार मेगाबाइट असे आकडे ठळक छापलेले असतात आणि ते खोटेही नसतात. पण ते सलग वाचनाचे आहेत. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, ब्राउझर उघडणे या कामांत साटा आणि एनव्हीएमई यांतील फरक सामान्य माणसाला घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. तबकडीवरून एसएसडीवर येणे ही उडी आहे, त्यापुढे एनव्हीएमईवर जाणे ही केवळ एक पायरी आहे. लॅपटॉपमध्ये साटाची जागा असेल तर त्याबद्दल हळहळ बाळगण्याचे कारण नाही.

केवळ जागेसाठी पुन्हा फिरती तबकडीच घेणाऱ्याने एक गोष्ट तपासावी. अधिक माहिती मावावी म्हणून अनेक तबकड्यांवर लेखनाची वर्तुळे घराच्या कौलांप्रमाणे एकमेकांवर थोडी चढवून मांडलेली असतात; या पद्धतीस एसएमआर म्हणतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसेच येथे मधली फाइल बदलली की शेजारची वर्तुळेही पुन्हा लिहावी लागतात आणि मोठे लेखन चालू असताना तबकडी अचानक रांगू लागते. एक-दोन टेराबाइटच्या सात मिलिमीटर तबकड्यांत ही पद्धत सर्रास आढळते. छायाचित्रांचा साठा ठेवायला ती चालेल, विंडोज चालवायला नको.

कंपनीच्या नावावर फार वेळ घालवू नये. फिरत्या तबकड्या बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. धारणक्षमतेबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ५०० जीबीची डिस्क लावली की विंडोज ४६५ जीबीच दाखवते आणि ग्राहकाला फसवल्यासारखे वाटते. उत्पादक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो आणि विंडोज १०७ कोटी ३७ लाखांहून थोडे अधिक धरते, एवढाच तो भेद आहे, एकही बाइट कोणी खाल्लेला नसतो. खरी फसवणूक वेगळी असते : अविश्वसनीय स्वस्त दोन टेराबाइटच्या डिस्कमध्ये आत लहानशी चिप असते आणि ती भरली की आधीचीच माहिती पुसत जाते.

जुनी डिस्क मंद झाली म्हणून बदलली जात आहे की बिघडली म्हणून, यावर कामाचा क्रम अवलंबून असतो. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममधून ती वाचता येते. निकामी ठरवून बाजूला टाकलेल्या आणि वाचता न येऊन ताटकळत राहिलेल्या भागांचे आकडे वाढू लागले असतील, किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा फॉरमॅट मारून पाहण्याचा मोह टाळावा आणि महत्त्वाची माहिती दुसरीकडे उतरवून डिस्क बंद ठेवावी. डिस्क निरोगी असेल तर क्लोनझिलासारख्या प्रोग्रॅमने तिची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर उतरवता येते. माहितीची प्रत वेळीच काढून ठेवण्याची सावधगिरी एसएसडीच्या बाबतीत अधिकच हवी, कारण तबकडी बहुतेक वेळा कुरकुरत मरते, एसएसडी अनेकदा न बोलता. आणि ट्रिम या सोयीमुळे पुसलेल्या फायलींचे कप्पे ती स्वतःच रिकामे करत असल्याने त्या परत मिळण्याची आशा फारशी उरत नाही. काढलेली निरोगी तबकडी म्हणूनच टाकू नये. ती यूएसबीच्या खोक्यात घालून महिन्यातून एकदा प्रत उतरवण्यासाठी वापरावी.

आणि जी तबकडी पुन्हा वापरायचीच नाही, ती भंगारात देण्यापूर्वी तिच्यावर आधारच्या प्रती, बँकेची कागदपत्रे आणि घराचे करारनामे जसेच्या तसे आहेत हे ध्यानात ठेवावे. संगणकाला ती दिसत नाही म्हणून ती कोरी झालेली नसते. चालू असेल तर ती पूर्ण पुसावी. बंद पडली असेल तर जाड कापडात गुंडाळून हातोडीचे दोन-चार घाव घालावेत आणि मग ई-कचरा संकलनात द्यावी. कापड अशासाठी की लॅपटॉपच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात.