अंगणात गेलेली शाळा



कृतिसंशोधन म्हटले की आपल्यापुढे बी.एड.ची कोरी करकरीत प्रकल्पवही उभी राहते. अमेरिकेत स्टीफन कोरी यांचा या विषयावरील ग्रंथ 1953 साली आला. ताराबाई मोडक 1945 पासून बोर्डीत, ते नाव न घेता, हेच करीत होत्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा पालकांना बोल न लावता त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुराख्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. अडचण हेरायची, एक बदल करायचा, नोंदी ठेवायच्या, फसले तर पुन्हा योजायचे. प्रकल्पवहीतील उपाय मात्र कधीच फसत नाहीत! बाजाराच्या दिवशी आपल्या वर्गातून कोण गैरहजर असतो, हे हजेरीपटावर आहेच. का, ते कोणी विचारले आहे?