गाण्याचा धनी : कर्टिस मेफील्ड

ग्रामोफोनच्या तबकडीवर गवयाचें नांव ठळक अक्षरांत छापलेलें असतें. गीतकाराचें नांव त्याखालीं, बारीक टाइपांत आणि बहुधा कंसांत. आणि गाण्याचे प्रकाशन-हक्क ज्या मंडळीकडे असतात तिचें नांव तर सहसा कोणी वाचीतच नाहीं. अमेरिकेंतील कित्येक कृष्णवर्णीय कलावंतांचा पैसा या न वाचल्या जाणाऱ्या ओळींतून वाहून गेला. कर्टिस मेफील्डनें ती ओळ फार लौकर वाचली.

त्याचा जन्म 3 जून 1942 रोजीं शिकागोंत झाला. घरीं दारिद्र्य, आजी एका लहानशा प्रार्थनामंदिरांत धर्मोपदेश करी. तेथील भजनांवरच त्याचा कंठ तयार झाला. पुढें ‘सोल’ या नांवानें ओळखलें गेलेलें संगीत तरी दुसरें काय होतें? शब्द प्रपंचाचे झाले, आर्तता मंदिरांतलीच राहिली. मुलाला प्रथम परिचय झाला तो पियानोच्या काळ्या पट्ट्यांचा. गिटार हातीं आली तेव्हां ती कशी लावावी हें शिकविणारें कोणी नव्हतें. म्हणून त्यानें तिच्या तारा त्या पट्ट्यांशींच मिळविल्या. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर काळी तीन, काळी पाच आणि काळी एक! जाणत्यांनीं हसावें अशीच ही जुळणी; परंतु तिच्यांतून निघणारा मऊ, झुळझुळता नाद हीच पुढें त्याची ओळख ठरली.

1958 सालीं ‘दि इम्प्रेशन्स’ या मेळ्याला पहिलें यश मिळालें आणि लौकरच मुख्य गायक जेरी बटलर निघून गेला. मेफील्डनें कांहीं काळ बटलरच्याच साथीला गिटार वाजविली, पैसे शिल्लक टाकले आणि मेळा पुन्हां उभा करून 1961 मध्यें ‘जिप्सी वुमन’ हें गाणें मुद्रित केलें. त्याच सुमारास, विशी गांठतां गांठतां, एडी टॉमस याच्या भागीदारींत त्यानें स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. रूढ प्रथेनुसार गाण्याच्या मिळकतीचा अर्धा वाटा रचणाऱ्याचा व अर्धा प्रकाशकाचा. रोख पैशाच्या निकडीनें तरुण गीतकार दुसरा अर्धा, आणि पुष्कळदां पहिलाहि, लिहून देत. मेफील्डनें दिला नाहीं. 1968 सालीं तर त्यानें ‘कर्टम’ ही तबकड्यांची कंपनीच काढली. त्याच वर्षीं गाजलेलें ‘वुइ आर अ विनर’ हें त्याचें स्वाभिमानाचें गीत कांहीं नभोवाणी-केंद्रांनीं लावण्याचें नाकारलें, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

1972 च्या ‘सुपर फ्लाय’ या चित्रपटांत निर्मात्याची खरी कसोटी लागली. कथेचा नायक कोकेन विकणारा. पडद्यावर त्याचा थाट असा कीं त्या विषाचीच जाहिरात वाटावी, अशी मेफील्डची तक्रार होती. त्यानें काम सोडलें नाहीं. तालावर नायकाला डौलानें चालूं दिलें आणि शब्दांत त्याचीच झडती घेतली. फ्रेडी या दुय्यम पात्राच्या मरणावरचें गाणें चित्रपटांत केवळ वाद्यांवर वाजतें. शब्द ऐकावयाचे तर तबकडीकडेच जावें लागतें. ती तबकडी चित्रपटाआधींच बाजारांत आली आणि देशांत पहिल्या क्रमांकावर पोंचली.

दुसऱ्यांच्या गळ्यांतून गाणें काढण्याची हातोटीहि त्याच्यापाशीं होती. 1975 मध्यें ‘स्टेपल सिंगर्स’ या भजनी कुटुंबासाठीं त्यानें एक शृंगारगीत रचलें. वडील पॉप्स स्टेपल्स तसले शब्द तोंडांतून काढावयास राजीच होईनात. मेफील्डनें मोठ्या मिनतवारीनें त्यांना वळविलें, आणि ‘लेट्स डू इट अगेन’ हें गाणें अमेरिकेंत अग्रस्थानीं गेलें. पुढल्याच वर्षीं अरीथा फ्रँकलिनसाठीं ‘स्पार्कल’. मग डिस्कोची लाट आली आणि 1980 च्या सुमारास कर्टमचा कारभार आटोपला.

13 ऑगस्ट 1990 रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील उघड्या मैदानावर तो गावयास रंगमंचावर येतो न येतो तोंच वादळी वाऱ्यानें दिव्यांचा मनोरा त्याच्या अंगावर कोसळला. मानेखालचें सारें शरीर लुळें पडलें. काळ्या पट्ट्यांची ती गिटार बोटांना कायमची परकी झाली.

श्वासाचा भाता दुबळा झाला होता. उताणें निजलें कीं त्याला थोडा जोर येई. म्हणून मुद्रणगृहांत पाठीवर पडून तो एका वेळीं एक ओळ गाई, थांबे, दम घेई आणि पुढची ओळ घेई. अशा ओळी सांधून ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ हा संग्रह 1996 सालीं निघाला. आवाज पूर्वीपेक्षां क्षीण आहे, पण सांधा कानाला सांपडत नाहीं. मधुमेहापायीं 1998 मध्यें त्याचा उजवा पाय कापावा लागला. 26 डिसेंबर 1999 रोजीं वयाच्या 57 व्या वर्षीं जॉर्जिया संस्थानांत त्याचें निधन झालें.