शेगडीतला तवा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वाशिंद येथे दिलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही मंडळींना हसू येईल. ज्ञातीच्या व्यासपीठावर शिक्षण, शिष्यवृत्ती, विवाहखर्च यांविषयी बोलावयाचे, तेथे तव्याचे काय काम? परंतु हा विवाहखर्चाचाच एक पोटविषय आहे. वाशिंद, आसनगाव, शहापूर या पट्ट्यात इमारती उठल्या आणि आपल्यापैकी अनेकांनी कर्ज काढून तेथे बिऱ्हाडे थाटली. आता चार-पाच बर्नरची आणि मध्येच सपाट तवा बसविलेली कुकिंग रेंज मुलीच्या संसाराला द्यावी काय, अशी चर्चा घरांत ऐकू येते. दुकानदार त्या तव्याला ग्रिडल म्हणतो. नाव नवे असले की किंमतही नवी होते. म्हणून थोडा विचार करू.

तवा चुलीचाच भाग असावा, ही कल्पना आपणास परकी नाही. आपली मातीची चूल जमिनीशी सारवून बसविलेली असे आणि तिच्या उरलेल्या आचेवर शेजारी वैलावर आमटी शिजे. खानदेशात तर मातीचे खापर चुलीवर उपडे घालून त्याच्या पाठीवर हातभर रुंदीचे मांडे भाजतात. चुलीवरची भाकरी गोड लागते असे सांगणारे बहुधा स्वतः फुंकणी हाती घेणारे नसतात, हे मात्र जाता जाता सांगतो. 2016 साली उज्ज्वला योजना आली, खेड्यापाड्यांत गॅस पोहोचला, त्याबद्दल बायकांच्या डोळ्यांनी व छातीने दुवाच दिला असेल.

रेंजमधला तवा मुळात निराळ्या अन्नासाठी योजलेला आहे. अमेरिकेत तीस इंच रुंदीच्या रेंजच्या मध्यभागी पुष्कळदा एक लांबट बर्नर असतो व त्यावर ग्रिडल ठेवतात. सकाळी धिरड्यासारखे पॅनकेक आणि अंडी एकदम चार माणसांची होतात. हे पदार्थ पट्टीवर पडले, उलटले, ताटात गेले. आपली तांदळाची भाकरी एवढ्यावर भागवून घेत नाही.

तांदळाच्या पिठास गव्हाचा चिवटपणा नाही, म्हणून आपण उकड काढून ते मळतो. थापलेली भाकरी तव्यावर टाकून पिठाच्या बाजूवर पाण्याचा हात फिरवितो आणि पाणी पुरते सुकण्यापूर्वी ती उलटतो. ओली भाकरी पडताच तव्यातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. तवा पातळ असेल तर तो निवतो, भाकरी भाजण्याऐवजी वाळते व तिला तडे जातात. ॲल्युमिनियममधून उष्णता बिडापेक्षा तिपटी-चौपटीने लवकर पसरते हे खरे, परंतु पातळ पत्र्यात ती साठतच नाही. जाड बीड सावकाश तापते, पण एकदा तापले की दहावी भाकरीही पहिलीसारखी उतरते. न चिकटणाऱ्या काळ्या लेपाचा तवा भाकरीसाठी घेऊच नये. तो लेप सुमारे 260 अंश सेल्सियसच्या पुढे बिघडू लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तेथवर जाण्यास वेळ लागत नाही.

शेवटी भाकरी फुगवावयाची असते, आणि खरी अडचण येथे आहे. सुटा तवा बाजूस सारला की त्याच ज्योतीवर भाकरी धरता येते. बसविलेला तवा हलत नाही. तेव्हा शेजारचा एक बर्नर मोकळा ठेवणे भाग. डाळ, भात आणि दूध तिन्ही चढविलेली असताना तो मोकळा राहतो काय, हे घरातील बाईस विचारावे. दुकानात जातानाही जी भाकरी थापते तिलाच पुढे बसू द्यावे.

दुसरी अडचण बोलून दाखविण्यास लोक संकोचतात. बोंबील तळण्याचा तवा आपल्या घरांत निराळा असतो. शेगडीत एकच पट्टी असली म्हणजे रविवारचे बोंबील सोमवारच्या उपासाच्या थालीपिठास भेटतात. कितीही घासा, बीड वास धरतेच.

एवढे असूनही दहा-बारा माणसांचे घर असेल, अथवा सणास लेकी-जावई जमत असतील, तर दोन भाकऱ्या शेजारी शेजारी भाजणारी पट्टी बाईचा निम्मा वेळ वाचविते, आणि मी तो खर्च व्यर्थ म्हणणार नाही. चार माणसांच्या घरी मात्र ती जड पट्टी तापविण्यातच गॅस जातो. तेथे चांगला बिडाचा सुटा तवा पुरे.

घ्यावयाचीच असेल तर पट्टी उचलून पाहावी. ती सुटी निघालीच पाहिजे, नाही तर खाली सांडलेले तेल वर्षानुवर्षे तेथेच राहील. फूटपट्टी तिच्या अंगावर उभी धरून खालून उजेड दिसतो काय ते पाहावे. खाली भोकांच्या ओळीचा लांब बर्नर असावा; दोन गोल बर्नर असल्यास मधला पट्टा थंड राहतो. घरी आणल्यावर थंड पट्टीवर कोरडे पीठ सारखे भुरभुरून मंद आच लावावी. पीठ जेथे आधी तांबूस होईल तेथे उष्णता अधिक, असे समजावे व भाकरीची जागा त्याप्रमाणे ठरवावी.

एक धोका मुद्दाम सांगतो. रेंज नको म्हणून कित्येकजण नुसती लांब पट्टी आणून काचेच्या शेगडीवर दोन बर्नरांवर आडवी टाकतात. तिच्याखाली कोंडलेली उष्णता काचेवर उतरते आणि काच फुटू शकते. शेगडीची काच चांगली जाड आहे, या भरवशावर राहू नये.

नव्या बिडास प्रथम धुऊन कोरडे करावे, तेलाचा अगदी पातळ हात द्यावा व धूर निघेपर्यंत तापवून निवू द्यावे. असे चार-पाच वेळा केले म्हणजे तेलाचा काळा थर धरतो. अर्धा कांदा तेलात बुडवून चोळण्याची आपल्या घरांतील रीत उत्तमच आहे. चिंच, टोमॅटो यांनी तो थर उतरतो. तापल्या बिडावर गार पाणी कधीही ओतू नये, तडकते. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. त्या दिवसांत रोज काम आटोपल्यावर पट्टी मंद आचेवर सुकवून, तेलाचे बोट फिरवून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावी. गंज धरलाच तर काथ्याने घासून पुन्हा तेल द्यावे. तवा भंगारात घालण्याचे कारण नाही. भंगारवाला त्याचे वजनाने पैसे देतो, तेलाच्या थराचे देत नाही.